सोलापुरातल्या बँकांना खुले पत्र: आधी तुमचे खरे मेल ओळखू येऊ द्या

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी, तसेच नागरी सहकारी बँकांची संचालक मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शाखेत शिरलं की समोरच फलक दिसतो, 'ओटीपी कुणालाही सांगू नका.' त्याच्या शेजारी दुसरा, 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.' दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण अनोळखी लिंक कुठली आणि ओळखीची कुठली हे त्या फलकावर लिहिलेलं नसतं, आणि तुमच्याकडून येणारे मेल वाचूनही ते कळत नाही. हे पत्र त्यासाठी.

मी साखर पेठेत बसून यंत्रमागवाले, टॉवेलचे कारखानदार आणि सुताचे व्यापारी यांचे जीएसटीचे, आयकराचे कागद बघतो. त्यामुळे माझ्या मेलबॉक्समध्ये गावातल्या निम्म्या बँकांचे मेल येऊन पडतात. खातं उघडताना तुमचा माणूस विचारतो, 'ईमेल आयडी?' आणि आमचा कारखानदार बिनधास्त सांगतो, 'टॅक्सवाल्या सायबांचा टाका.' याचा एक फायदा झाला. खरे आणि बनावट मेल शेजारी शेजारी ठेवून बघायची मला सवय लागली.

परवाचंच सांगतो. एका टॉवेलवाल्यानं एक मेल माझ्याकडे पुढे पाठवला, वर एकच ओळ, 'हे खरं हाय का बघा की.' पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं पूर्ण नाव. लोगो हुबेहूब, रंगसुद्धा तोच. खाली मुख्य कार्यालयाचा खरा पत्ता, आणि कहर म्हणजे 'आमची बँक कधीही आपला पासवर्ड विचारत नाही' ही तुमचीच तळटीप. मधला मजकूर असा, 'प्रिय ग्राहक, आपला पॅन क्रमांक खात्यामध्ये अद्ययावत केलेला नाही. आज रात्री १२ नंतर आपली नेट बँकिंग सेवा स्थगित करण्यात येईल. सेवा अखंडित राहण्यासाठी खालील दुव्यावर माहिती भरावी.' मराठी शुद्ध. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जागच्या जागी.

मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता झाकलेला असतो. त्या नावावर बोट ठेवलं की पत्ता उघडतो. इथे बँकेचं नाव पत्त्यातही होतं, पण ॲटच्या चिन्हाच्या डावीकडे. डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो; बघायची ती उजवी बाजू. तिथे कुठल्यातरी परदेशी फर्निचरच्या दुकानाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नोंदवलेलं नाव, होतं. त्या दुकानाचं मेल खातं कुणीतरी फोडलं असणार आणि तिथून हे हजारोंना धाडलं असणार. दुकानदाराला पत्ताही नसेल.

मग लिंक. तिच्यावर टिचकी न मारता नुसतं बोट दाबून धरलं की ती कुठे जाते ते दिसतं. पत्ता लांबलचक होता आणि सुरुवातच बँकेच्या नावानं. इथेच भले भले फसतात, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. हा पत्ता उलटा वाचायचा असतो. एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्यायच्या, पुढची पहिली एकटी तिरपी रेघ गाठायची आणि तिथून मागे यायचं. त्या रेघेला चिकटून जे शेवटचे दोन-तीन शब्द आहेत, तो त्या जागेचा मालक. त्याच्या आधी बँकेचं नाव, 'सिक्युअर', 'केवायसी', 'इंडिया' अशी कितीही माळ ओवता येते, तिला काही अर्थ नसतो. शिवाय अक्षरांची लबाडी असतेच. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की बारीक टायपात एम दिसतो. चाळिशी लागलेल्याला तर दिसतोच.

त्या पानावर ब्राउझरचं कुलूपही होतं. 'कुलूप दिसलं म्हणजे सुरक्षित' असं आपणच लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येणार नाही. ती वेबसाइट चोराची असेल तर चोराशी तुमचं बोलणं अगदी गुप्त राहतं. हे कुलूप कुणालाही फुकट मिळतं.

आणि आता ओटीपीचं. लोकांना वाटतं, बनावट पानावर ओटीपी येणारच कसा? आणि आला, तर पान खरंच असलं पाहिजे. तसं नाही. इकडे आपण त्या पानावर युजर आयडी आणि पासवर्ड टाकतो, त्याच क्षणी तिकडे चोर तोच बँकेच्या खऱ्या वेबसाइटवर टाकत असतो. त्यामुळे ओटीपी येतो तो खऱ्या बँकेकडूनच, खऱ्या नावानं. आपण तो समोरच्या पानात भरतो आणि काम फत्ते. वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या एसएमएसमधला बाकीचा मजकूर. 'नवीन लाभार्थी जोडण्यासाठी', 'रुपये अमुक अमुक पाठवण्यासाठी' असं त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. पॅन अद्ययावत करायला निघालेल्या माणसाला लाभार्थी, म्हणजे ज्याला पैसे पाठवायचे तो, जोडायचा ओटीपी कशाला येईल? पण सहा आकडे दिसले की पुढचं कोण वाचतो. आणि तुमच्यापैकी काहींचे एसएमएस इंग्रजीत आणि इतके तुटक असतात की वाचूनही उमजत नाहीत, हेही सांगून टाकतो.

सोलापुरी चादर घ्यायला आलेल्या जाणत्या गिऱ्हाइकाला लेबल दाखवून भागत नाही. लेबल कुठेही छापून मिळतं. तो चादर उलगडतो, उलटी करतो, पोत चाचपतो. मेलच्या बाबतीत लोगो, रंग, सही हे सगळं लेबल आहे आणि पत्ता हा पोत. आमचा टॉवेलवाला कापडात हे जन्मापासून करतो, मेलमध्येही करील. अडचण पुढे आहे.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्राहकाच्या नावानं एका बँकेचा मेल आला. हा खरा होता, शाखेत जाऊन विचारून खात्री केली. बँकेचं नाव सांगत नाही, कारण हे एकट्या त्या बँकेचं दुखणं नाही. या खऱ्या मेलची सुरुवात 'प्रिय ग्राहक'. केवायसीची मुदत संपत आल्याची लाल अक्षरातली धमकी. मधोमध मोठं बटण, 'इथे क्लिक करा.' बटण दाबून धरलं तर पत्ता बँकेचा नाहीच, दुसऱ्यांच्या वतीनं घाऊक मेल पाठवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचा. तिथून फिरून शेवटी बँकेवर पोचणारा. आणि तळाला, 'या मेलला उत्तर देऊ नका.' आता सांगा, वर मी बनावट मेलची जी जी लक्षणं सांगितली, त्यातलं एक तरी इथे गैरहजर आहे का? माझ्यासारखा दिवसभर मेलमध्येच बसणारा माणूस शाखेत चौकशीला जातो, तर दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसानं काय ओळखायचं?

शाखाधिकारी साहेब, घोडं इथे पेंड खातंय. घाईनं क्लिक करायची सवय चोरांनी लावली असं तुम्ही म्हणता; निम्मी तुमच्या मार्केटिंग खात्यानं लावली आहे. मग पैसे गेले की काउंटरवरून ऐकू येतं, 'आम्ही तर फलक लावला होता.'

रिझर्व्ह बँकेनं या बाबतीत तुमच्या हातात एक चांगलं हत्यार दिलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव पत्ता जाहीर केला. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी, सहकारी बँकांनीसुद्धा, आपल्या वेबसाइट त्यावर न्यायच्या असं ठरलं. नोंदणी करते हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था, आणि ती बँकेखेरीज दुसऱ्या कुणाला हा पत्ता देत नाही. म्हणजे ओळखायची खूण अगदी सोपी झाली. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' असेल तर घर बँकेचं. या दोन टिंबांपैकी एखादं गायब असेल, त्याच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा 'बँक डॉट इन'च्या पुढे आणखी टिंब देऊन काही जोडलेलं असेल, तर नाही.

पण हे तुमच्या किती खातेदारांना माहीत आहे? मी विचारून बघतो, बहुतेकांना नाही. पासबुकाच्या मुखपृष्ठावर जुना पत्ता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुना पत्ता, काही ठिकाणी शाखेच्या पाटीवरही जुनाच. इतकी चांगली खूण मिळाली आणि आपण ती कपाटात ठेवून दिली. गावात पतसंस्थाही भरपूर. त्या बँक नव्हेत, त्यामुळे त्यांना हा पत्ता नाही. हेही कुणीतरी लोकांना सांगायला हवं, नाहीतर उद्या 'अमुक पतसंस्था बँक डॉट इन' असा काहीतरी पत्ता बघून लोक गोंधळतील.

सहकारी बँकांच्या संचालकांना एक वेगळी विनंती. मोठ्या बँकांकडे यासाठी माणसं असतात. तुमचं संगणकाचं काम बहुधा बाहेरच्या कंपनीकडे असतं. त्या कंपनीला पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा, 'आपल्या डोमेनचं डीमार्क कुठल्या पातळीवर आहे?' मेलच्या जगात तीन गोष्टी असतात. एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम, म्हणजे मेलवरचा डिजिटल शिक्का. आणि डीमार्क, म्हणजे या दोन्ही कसोट्यांवर न उतरणाऱ्या मेलचं काय करायचं याची तुम्ही जगाला दिलेली सूचना. नुसतं बघा, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा, अशा तिच्या तीन पातळ्या. पहिल्या पातळीवर ठेवून 'आमच्याकडे डीमार्क आहे' असं सांगता येतं, पण बनावट मेल सुखेनैव पोचत राहतो. तिसऱ्या पातळीवर नेलं की तुमचा हुबेहूब पत्ता वापरून पाठवलेला मेल खातेदाराच्या मेलबॉक्सपर्यंत सहसा पोचतच नाही. याला नवी इमारत लागत नाही, निविदा लागत नाही. आधी तुमचे खरे मेल कुठून कुठून जातात याची यादी करा म्हणजे झालं, नाहीतर स्वतःचीच ठेवीची पत्रं परत येतील. मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंच डोमेन घेऊन आलेला चोर यानं अडत नाही, हेही खरं. त्याच्यासाठी वरची उलटं वाचायची रीतच.

आता खात्यावरच्या ईमेलबद्दल. माझा आयडी किती खात्यांना जोडलेला आहे हे मलाही नीट सांगता येणार नाही, आणि ही अभिमानाची गोष्ट नाही. काहींच्या खात्यांना पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा आयडी आहे, काहींना नेट कॅफेवाल्यानं त्या वेळी उघडून दिलेला, ज्याचा पासवर्ड आता कुणालाच आठवत नाही. विडी कामगार बायकांच्या खात्यांची तर गोष्टच सोडा; फोन घरात एकच, तो थोरल्या पोराकडे. अशा खात्यातून पैसे गेले तर ईमेलची सूचना जाते कुठे? पुण्याला, किंवा माझ्याकडे, किंवा हवेत. तुमच्या काउंटरवर माणूस पासबुक भरायला येतोच. त्याच वेळी 'हा मेल कुणाचा आहे? तुम्ही स्वतः बघता का?' एवढं विचारून नोंद दुरुस्त केली तर बरंच काम होईल. मेल नसेल तर रिकामं राहू द्या. कुणाचा तरी भरून फॉर्म पूर्ण करण्यापेक्षा ते बरं.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाकडे आता वळतो. डिसेंबरात तसंच सहकारी बँकांसाठीही निघालं. त्यात लिहिलं होतं की व्यवहाराच्या एसएमएसला आणि ईमेलला ग्राहकाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं पाहिजे, तक्रारीसाठी त्याला वेबपान किंवा पत्ता शोधत बसावं लागू नये. आणि आमच्याकडे येणाऱ्या मेलच्या तळाला काय असतं? 'या मेलला उत्तर देऊ नका.' मग रात्री अकरा वाजता घाबरलेला माणूस गुगलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतो, आणि तिथे चोरांनी पेरून ठेवलेला नंबर त्याला आधी सापडतो. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

पैसे गेल्यावरचं सांगायचं तर २०१७ च्या त्याच नियमात जबाबदारी स्पष्ट केली होती. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानंच घुसखोरी केली, तर सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच भार नाही. ४ ते ७ दिवसांत मर्यादित भार. ग्राहकानं स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. म्हणून कळवल्याची वेळ फार मोलाची. पण शाखेत आलेल्या माणसाची आधी उलटतपासणी होते, 'ओटीपी दिला होता का? लिंक उघडली का? आधी पोलिसात जा.' तो पोलिसात जाऊन येईपर्यंत खातं उघडंच. माझं म्हणणं एवढंच की आधी खातं गोठवा, तारीख-वेळेसह पोच द्या, मग हवं ते विचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई नको.

पोच हातात पडेपर्यंत १९३० वर फोन लागलेला असला पाहिजे. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकायच्या आत अडवण्यासाठीच ती हेल्पलाइन आहे. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर. हा नंबर लक्षात राहत नाही असं सोलापूरकरानं तरी म्हणू नये. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजी अंमल काही दिवस उठवून लावला होता, मार्शल लॉ सोसला होता, आणि पुढच्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेले. शाळेतलं पोरही १९३० म्हटलं की कान टवकारतं. योगायोगाने मिळालेला आकडा आहे. शाखेच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, पुढचं काम गाव स्वतः करील.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत याच चोरीचं एक भावंड आहे. सूत पुरवणाऱ्याच्या नावानं मेल येतो, 'आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका.' बिल खरं, रक्कम खरी, फक्त खाते क्रमांक दुसऱ्याचा. इथे तुमच्याकडे आता उपाय आहे. १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी लाभार्थ्याचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची होती, तीही फुकट. काउंटरवर आरटीजीएसची स्लिप घेऊन आलेल्या माणसाला नाव वाचून दाखवा आणि मगच पुढे जा. चाटी गल्लीतला व्यापारी घाईत असतो, हे मान्य. पण त्याला दहा सेकंद थांबवल्याबद्दल तो भांडणार नाही. भांडला तरी थांबवा.

माझ्या मागण्या एव्हाना लक्षात आल्या असतील, तरी दोन-चार लिहूनच ठेवतो. केवायसी, पॅन, खातं बंद होणार असल्या विषयांच्या मेलमध्ये लिंकच ठेवू नका; 'शाखेत या किंवा आपलं ॲप उघडा' एवढं लिहा. मग लिंक असलेला असा कुठलाही मेल बनावट, हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येईल, आणि ओळखायचा सगळा खटाटोप निम्म्यावर येईल. प्रत्येक मेलमध्ये खातेदाराचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे असू द्या. तुम्ही कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून मेल पाठवता ती यादी शाखेत लावा, पासबुकात छापा. आणि संशयित मेल दाखवायला एक माणूस नेमा, ज्याच्याकडे गेलं की 'वेबसाइटवर बघा' असं उत्तर मिळणार नाही. फलक मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवेत. पूर्व भागात शाखा चालवणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते. पाळण्यांच्या गर्दीत तुम्ही कर्जमेळ्याचे स्टॉल लावताच. या वेळी एका स्टॉलवर बनावट आणि खरे मेल मोठे छापून शेजारी शेजारी टांगा आणि लोकांनाच ओळखायला लावा. माझ्याकडे बनावट मेलचा चांगला साठा आहे. नावं आणि नंबर झाकून सगळे देतो. खऱ्यांचे नमुने तेवढे तुम्ही आणा, आणि टांगण्याआधी एकदा स्वतःच्या कर्मचाऱ्यांना ओळखायला सांगून बघा.

आपला,
साखर पेठेतला एक कर सल्लागार आणि तुमच्यापैकी काही बँकांचा खातेदार
सोलापूर